टीव्ही सगळ्यात शेवटी घ्या: सोलापुरातल्या दहा बाय बाराच्या हॉलसाठी

दसरा-दिवाळी जवळ आली की मला हमखास एक मेसेज येतो, "भावा नवीन फ्लॅट झालाय, पंचावन्न इंची घेऊ का?" आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी सांग तुम्ही बसणार कुठं. समोरच्याला वाटतं चेष्टा करतोय. चेष्टा नाही, मी स्वतः उलट्या क्रमाने सगळं घेऊन बसलेला माणूस आहे म्हणून सांगतोय.

आमचा जुळे सोलापुरातला वन बीएचके, हॉल दहा बाय बारा. गॅलरी नावाला आहे, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असल्यामुळे तिथं दोन बॅरल आणि घागरी, त्यामुळे गॅलरीत जायचं ते सगळं सामान, पोराची सायकल, आईचं शिलाई मशीन, हॉलमध्ये. अशा हॉलमध्ये मी दसऱ्याला ऑफर बघून ५५ इंची टीव्ही आणला. बिल्डरने टीव्हीचा पॉइंट दिला होता साडेपाच फुटावर, फिटिंगवाल्या पोराने तो पॉइंट झाकला जाईल अशा बेताने टीव्ही ठोकला आणि गेला. दिसायला लै भारी. मित्र आला तो म्हणाला, काय बे, थेटर काढलायस काय घरात. पण आई बसते खाली गादीवर, पुढ्यात सूप, सुपात शेंगा, निवडत निवडत सिरीयल बघायची सवय. पंधरा दिवसात तिची मान आखडली, मग ती आडवी पडून बघायला लागली, आणि नंतर तर सिरीयल नुसती ऐकायलाच लागली. एवढे पैसे घालून घरात रेडिओ आणल्यासारखं झालं. पुढं सगळं उतरवून खाली घेतलं, भिंतीला चार भोकं जास्तीची पडली ती पडलीच.

तर पहिलं काम, टेप घ्या आणि डोळ्याची उंची मोजा. भिंतीची नाही, डोळ्याची. साध्या सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ४० ते ४३ इंचावर असतो, खाली गादीवर मांडी घातली की २८ ते ३२ इंच. टीव्हीचा मधला भाग डोळ्याच्या समोर यावा असा हिशोब. आपल्याकडं घरात दोन्ही प्रकारची माणसं असतात, पाव्हणे सोफ्यावर आणि घरचे खाली, म्हणून मी मधला मार्ग सांगतो, टीव्हीचा मध्य ३६ ते ३८ इंचावर धरा. ४३ इंची टीव्ही उंचीला साधारण २१ इंच असतो, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून २६-२७ इंचावर येते. शोरूममध्ये टीव्ही उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर लावलेले असतात आणि आपण तेच डोक्यात घेऊन घरी येतो, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. बिल्डरचा पॉइंट वर असला तर इलेक्ट्रिशियन बोलवून केसिंग पट्टीतून खाली आणा, पॉइंट आहे तिथंच टीव्ही पाहिजे असं काही लिहून दिलेलं नाही.

आता बसायचं काय घ्यायचं. लहान घरात सोफासेट घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो, एल शेपचा तर नावच काढू नका, तो हॉल खातो आणि एकदा ठेवला की भिंत बदलायची सोय राहत नाही. आपला जुना दिवाण काय वाईट होता? सहा बाय अडीच किंवा तीन फुटाचा दिवाण, खाली स्टोरेज, वर आपली सोलापुरी चादर, दिवसा पाच जण बसतात, रात्री एक जण झोपतो, गाद्या-उशा पोटात जातात. सोफा कम बेड घ्यायचाच असेल तर दुकानात स्वतः तीनदा उघडून बंद करून बघा, आणि उघडल्यावर किती पुढं येतो ते मोजा, बऱ्याच जणांचा उघडल्यावर टीव्ही युनिटला टेकतो आणि मग रात्री बाथरूमला जायला उडी मारावी लागते. अजून एक, जिन्याचं वळण मोजा. लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगीत, पेठेतल्या घरांमध्ये तर जिना एवढा अरुंद असतो की तीन सीटर सोफा दुसऱ्या मजल्यावर जातच नाही, मग दोर लावून गॅलरीतून ओढायचा, खाली चाळीस माणसं बघायला. सुटे होणारे पाय आणि दोन तुकड्यात येणारा माल बरा.

बसायची जागा ठरली की टीव्हीची भिंत आपोआप ठरते, फक्त तीन गोष्टी बघा. खिडकी टीव्हीच्या बरोबर समोर नको, दुपारी स्क्रीनमध्ये सिरीयल कमी आणि ग्रिल जास्त दिसतं. खिडकी टीव्हीच्या मागं पण नको, उजेड थेट डोळ्यावर येतो. बाजूला असली तर उत्तम. दुसरं, बाथरूमच्या पलीकडची भिंत नको, ओल धरते. तिसरं आपल्या गावाचं खास, पश्चिमेची भिंत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस-बेचाळीसच्या वर जातो तेव्हा वरच्या मजल्यावर ती भिंत संध्याकाळी सातला हात लावली तरी तव्यासारखी लागते, तिच्यावर टीव्ही चिकटवून ठेवला तर आतली गरमी जायची कुठं? दुसरी भिंतच नसेल तर पक्का चपटा ब्रॅकेट न लावता थोडा पुढं येणारा लावा, बाजूनं आणि वरून चार-चार इंच मोकळं सोडा. आणि मागं पाली घर करतात त्याला माझ्याकडं उपाय नाही.

भिंत कशाची आहे ते पण विचारून घ्या. वीट असेल तर साधा फास्टनर चालतो. नवीन बिल्डिंगीत हलके पांढरे ब्लॉक असतात, त्यात साधा प्लग काही दिवसांनी सैल होतो, त्या ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात तेच मागा. सगळी काँक्रीटचीच भिंत असेल तर घरगुती ड्रिल नुसतं रडतं, हॅमर मशीनवाला बोलवा. वायर कुठून गेलीय ते बघितल्याशिवाय भोक पाडू देऊ नका, स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली हात लावायचा नाही.

आता साईज. इंच म्हणजे तिरकं माप, रुंदी नाही, हे अजून बऱ्याच जणांना दुकानात गेल्यावर कळतं. साधा हिशोब, इंचाला ०.८७ ने गुणा की रुंदी येते, ०.४९ ने गुणा की उंची. ३२ इंची म्हणजे रुंदी साधारण ७१ सेंटिमीटर, ४३ इंची म्हणजे ९५, ५० म्हणजे ११०-१११, ५५ म्हणजे १२२, म्हणजे चार फूट झाला की राव. आकडे डोक्यात बसत नसतील तर रद्दीतला पेपर काढा. आपल्या रोजच्या मोठ्या पेपरची तीन पानं उभी शेजारी शेजारी चिकटवली की जवळपास ४३ इंची टीव्ही होतो, थोडं टेपने मोजून दुमडा. भिंतीला लावा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. त्या दोन दिवसात कळतं की दार उघडलं की कड लागते का, आईला खालून मान वर करावी लागते का, देवघर झाकलं जातंय का. आमच्या घरी पेपर लावल्यावर बायकोने पहिल्यांदा विचारलं की शिलाई मशीन मग कुठं जाणार, हा प्रश्न टीव्ही आल्यावर विचारला असता तर भांडण झालं असतं.

अंतराचं गणित असं. डोळ्यापासून टीव्हीपर्यंत इंचात मोजा, त्याला दीडने-पावणेदोनने भागलं तर पिक्चर थेटरसारखा भरून दिसेल अशी साईज येते, दोनने भागलं तर रोजच्या बातम्या-सिरीयलला बरी साईज. साडेसात फूट म्हणजे ९० इंच, दोनने भागा ४५, १.६ ने भागा ५६. म्हणजे दुकानदार ५५ बसेल म्हणतो ते अगदीच खोटं नाही, पण तुमच्या घरी बघतात काय ते बघा. सेट टॉप बॉक्सवर साधे एसडी, म्हणजे कमी बारकाव्याच्या चित्राचे चॅनेल लागत असतील, आणि आपल्याकडं अर्ध्या घरात मराठीसोबत कन्नड-तेलुगूचं पॅक असतंय, तर ते चित्र ५५ इंची फोर के वर ताणल्यावर माणसांचे चेहरे मेणबत्तीसारखे वितळलेले दिसतात. एसडी जास्त असेल तर ४३ वर थांबा. पोरं ओटीटी आणि मॅच फोर के मध्ये बघणार असतील आणि अंतर आठ फूट असेल तर ५० ला हरकत नाही. कुंभारीजवळच्या रे नगर या कामगारांच्या वसाहतीत २०२४ च्या जानेवारीत पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या, तसल्या छोट्या घरांमध्ये ३२ किंवा फार तर ४३, त्याच्या वर गेलात तर टीव्ही बघायला शेजारच्या घरात बसावं लागेल. ३२ घेणार असाल तर फुल एचडी आहे का विचारा, पुष्कळ ३२ इंची फक्त एचडी रेडी म्हणजे १३६६ बाय ७६८ असतात आणि जवळून बघितलं की ठिपके दिसतात.

आधी ३२ च्या वरच्या टीव्हीवर जीएसटी २८ टक्के होता आणि ३२ पर्यंत १८, त्यामुळे लोक ३२ वरच अडकायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांवर १८ झालाय. त्यामुळे जुन्या किमतीचा बोर्ड दाखवून "तुमच्यासाठी खास डिस्काउंट" म्हणणाऱ्याला जरा विचारा की हे डिस्काउंट तुझं का सरकारचं.

पॅनेल म्हणजे चित्र दिसतं तो पडदा, त्याबद्दल दुकानात कोणी सांगत नाही पण लहान हॉलमध्ये तेच महत्त्वाचं आहे. आपल्याकडं सगळे समोर बसत नाहीत, एक दारात, एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, एक खाली भिंतीला टेकून. आयपीएस पॅनेल बाजूनं बघितलं तरी रंग टिकवतं, काळा मात्र जरा राखाडी दिसतो. व्हीए पॅनेलचा काळा मस्त असतो पण बाजूला सरकलं की चित्र फिकं पडतं. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, नवी पेठेत दुकानात गेलात की टीव्हीच्या समोर उभं राहू नका, एकदम कडेला जाऊन उभे राहा, मग खाली उकिडवे बसा. सेल्समन बघेल विचित्र नजरेने, बघू दे. चित्र धुतल्यासारखं झालं तर पुढचा टीव्ही. आणि डेमोचे मोर-फुलं-समुद्र बंद करायला सांगा, साधं न्यूज चॅनेल लावायला सांगा, पिक्चर मोड व्हिव्हिड वरून स्टँडर्डला आणायला सांगा. बाकी रॅम किमान दोन जीबी, एचडीएमआय तीन असले तर बरं आणि त्यातल्या एकावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं पाहिजे, ते साऊंडबारला लागतं. आणि बिल करायच्या आधी विचारा की सर्व्हिसवाला सोलापुरातच आहे का पुण्याहून येतो. माझ्या मेहुण्याने एक स्वस्तातला ऑनलाइन घेतला, स्क्रीनवर पट्टा आला, आणि "इंजिनीअर व्हिजिट" म्हणून महिनाभर नुसते मेसेज येत होते, माणूस काही आला नाही.

आता टीव्ही युनिट, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक सगळ्यात जास्त पैसे इथं घालवतात. पूर्ण भिंतभर, खालून वरपर्यंत कप्पे, मध्ये टीव्हीला खाच, खाचेत निळी लाईट, हे लहान हॉलमध्ये करू नका. एक तर तो सोळा-अठरा इंच हॉल खातो, दुसरं उद्या टीव्ही बदलला तर खाचेत बसत नाही. दहा-बारा इंच खोलीचा, भिंतीला लटकवलेला, साडेतीन-चार फूट लांब बुटका कप्पा पुरतो. लटकवलेलाच का, तर नळाला पाणी येतं त्या दिवशी आपल्याकडं काय होतं? भांडी भरून झाली की उरलेल्या पाण्याने फरशी धुतली जाते, अंगण असल्यासारखी. ते पाणी युनिटच्या बुडाला लागतं. भुशाचं बोर्ड म्हणजे पार्टिकल बोर्ड असेल तर दोन वर्षात बूड पाव भिजल्यासारखं फुगतं आणि बिजागरीचे स्क्रू हातात येतात, एमडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या दाबलेल्या बोर्डाचंही तेच, जरा उशिरा. सुताराकडून करून घेणार असाल तर १८ एमएमचं बीडब्ल्यूआर म्हणजे पाणी सोसणारं प्लाय सांगा, बीडब्ल्यूआरवर आयएस ३०३ आणि त्याहून भारी मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, शीट आली की शिक्का स्वतः बघा आणि फोटो काढून ठेवा, कापल्यावर सगळी शीट सारखीच दिसते. हॉलच्या लटकत्या कप्प्याला मरीनची गरज नाही, ते किचनच्या सिंकखाली. उघड्या कडांना पट्टी लावून घ्या, तिथूनच पाणी आणि वाळवी शिरते. रेडीमेड घेणार असाल तर किमान चार-पाच इंचाचे पाय असलेला घ्या, म्हणजे फडका खालून फिरतो.

कप्प्याला शटर लावायचं असेल तर एक गंमत लक्षात घ्या, सेट टॉप बॉक्स लाकडी शटरच्या आड गेला की रिमोट चालत नाही, मग शटर कायमचं उघडंच राहतं. काच किंवा उभ्या पट्ट्यांचं जाळीदार शटर करा. वायफाय राउटर तर कप्प्यात ठेवूच नका, रेंज मरते आणि मे महिन्यात आत भट्टी होते, तो बाहेर उंचावर. मागच्या फळीला हात जाईल एवढं भोक ठेवायला सुताराला आधीच सांगा, वायरीच्या जाडीचं नाही तर प्लगच्या जाडीचं. आमच्या सुताराने वायरीएवढं पाडलं आणि मग सगळे प्लग तोडून परत जोडत बसलो.

पॉइंट मोजा बरं का. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, साऊंडबार, आणि एक चार्जरला, म्हणजे पाच. बिल्डर देतो दोन. स्वस्तातल्या थ्री पिनवर थ्री पिन लावत बसण्यापेक्षा सर्ज प्रोटेक्शनचा चांगला स्पाईक गार्ड घ्या. वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही, टीव्हीच्या मागं स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर तो चढउतार सोसतो. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की मात्र प्लग काढा, आणि डिशची केबल पण काढा, ती लोक विसरतात. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साईन वेव्हचा असू द्या. ४३ इंचीला साधारण ८० वॅट धरा, रोज पाच तास म्हणजे महिन्याला बारा युनिट, नक्की आकडा स्टार लेबलवर लिहिलेला असतो.

साऊंडचं थोडक्यात सांगतो. नवीन फ्लॅटमध्ये खाली चकचकीत टाईल्स, भिंती मोकळ्या, त्यामुळे आवाज घुमतो आणि डायलॉग कळत नाहीत, आणि माणूस म्हणतो टीव्हीचा स्पीकर बेकार. साऊंडबारला पैसे घालायच्या आधी घरातला जमखाना काढून खाली अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, दिवाणामागच्या भिंतीवर आपल्याकडं मिळतात ते विणलेले वॉल हँगिंग किंवा सरळ एक चादर ताणून लावा. एकदा टाळी वाजवून बघा आधी आणि नंतर, फरक कानाला लागतो. चादर आपल्या गावाची आणि काम आपोआप होतंय, अजून काय पाहिजे. एवढं करूनही हवाच असेल तर टीव्हीपेक्षा रुंद नसलेला साधा साऊंडबार पुरे. वेगळा वूफर घेतला तर तो कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात घुमघुम वाढते आणि ती भिंतीतून शेजारच्यांच्या पलंगापर्यंत जाते. पाच स्पीकरचं होम थिएटर दहा बाय बाराच्या हॉलमध्ये म्हणजे नुसत्या वायरीत पाय अडकून पडायची सोय.

प्रोजेक्टरचं हल्ली खूळ आलंय. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना ठीक आहे, भिंतीला भोकं पाडायची नसतात. पण "फोर के सपोर्ट" म्हणजे फोर के नव्हे, नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे प्रोजेक्टर स्वतः किती ठिपके दाखवतो ते विचारा, आणि उजेडासाठी एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, हाच आकडा धरा, नुसते हजारोंनी ल्युमेन लिहिलेले सोडून द्या. आपल्याकडच्या उन्हाळी दुपारी पडदा लावूनही खोलीत जेवढा उजेड असतो त्यात स्वस्त प्रोजेक्टरवर फक्त पांढरा पडदा दिसतो.

फिटिंगच्या दिवशी बॉक्स स्वतः उघडू नका, कंपनीचा माणूस आल्यावर त्याच्यासमोर उघडा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. भिंतीला टांगायच्या आधी खाली उभा करून चालू करायला लावा, पूर्ण पांढरं, पूर्ण काळं असं चित्र लावून कोपरे बघा, एखादा ठिपका किंवा पट्टा दिसला तर तिथंच बोलता येतं. ब्रॅकेट टीव्हीसोबत येतोच असं नाही, काही जण जागेवर पैसे मागतात, बिल करतानाच विचारून घ्या. आणि उंची त्या पोराला ठरवू देऊ नका, तुम्ही पेपर लावला होता त्याच्या कडा पेन्सिलने आधीच आखून ठेवा, आणि घरात जे खाली बसतात त्यांना त्यावेळी खाली बसवा. दुसऱ्या वेळेला आम्ही आईला सुपासकट बसवलं होतं. फिटिंगवाला म्हणाला काकू एवढा खाली बरा नाही दिसत, तर ती म्हणाली तुला बघायचाय का मला.

रोज पुसायला ओलं फडकं नको, काच पुसायचं लिक्विड तर अजिबात नको, मऊ कोरडं कापड बंद स्क्रीनवरून हलक्या हाताने. टॉवेल आपल्या गावचा असला तरी तो अंग पुसायला. पूर्व भागात यंत्रमागाजवळ राहत असाल तर सुताची बारीक धूळ टीव्हीच्या मागच्या जाळीत बसते, महिन्यातून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने झाडून घ्या. बॉक्स आणि थर्माकोल किमान महिनाभर माळ्यावर ठेवा, बदलून द्यायची वेळ आली तर बहुतेक दुकानदार पहिला तोच मागतात.